गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र: आईचे नाव लावणारे सातवाहन राजे आणि त्यांच्या राज्यातली माणसे

प्रश्न असा आहे: सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावे लावत, तर त्या काळी महाराष्ट्रात मातृसत्ता होती का? आणि त्यांच्या राज्यात साधी माणसे कशी राहत होती?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. मातृसत्ता नव्हती. गादी बापाकडून मुलाकडे जात होती. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल, कारण त्याचे उत्तर राजांच्या प्रशस्तीत सापडत नाही. ते सापडते लेण्यांच्या भिंतींवर कोरलेल्या दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या दानलेखांत आणि जमिनीच्या आज्ञापत्रांत. प्राकृत ब्राह्मी लेख वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यातून माझे ठाम मत झाले आहे की सातवाहनांची थोरवी सांगताना आपण चुकीच्या ओळी पाठ करतो. 'ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले' ही ओळ सगळ्यांना ठाऊक असते. नाशिकच्या ज्या लेण्यात गौतमीपुत्राबद्दलची ही ओळ आहे, त्याच लेण्याच्या भिंतीवर ओस पडलेल्या एका गावाबद्दल काय लिहिले आहे, ते फार थोड्यांना माहीत असते.

आधी नावांचे पाहू. गौतमी म्हणजे गौतम गोत्रात जन्मलेली स्त्री, वासिष्ठी म्हणजे वसिष्ठ गोत्रातली. राजांच्या अंतःपुरात अनेक राण्या असत, त्यामुळे कोणता राजपुत्र कोणत्या राणीचा हे सांगायला तिच्या माहेरच्या गोत्राचा उपयोग होई. ही पद्धत एकट्या सातवाहनांचीही नव्हती. विदिशेजवळच्या गरुडस्तंभावर ज्या राजाचा उल्लेख आहे तो काशीपुत्र भागभद्र. आंध्रात सातवाहनांनंतर आलेल्या इक्ष्वाकूंमध्ये वासिष्ठीपुत्र चांतमूल आहे. नाशिकचा आभीर राजा ईश्वरसेन स्वतःला माढरीपुत्र म्हणवतो. राजघराण्याबाहेरही हेच दिसते. कार्ल्याच्या चैत्यासमोरचा सिंहस्तंभ देणारा महारठी अग्निमित्रणक हा गोतीपुत्र आहे आणि पितळखोऱ्याला दान देणारा राजवैद्य मगिल हा वात्सीपुत्र आहे. उलट सातवाहनांचे पहिले राजे, म्हणजे सिमुक, त्याचा भाऊ कृष्ण आणि पहिला सातकर्णी, आईवरून नाव लावतच नाहीत. ही रीत घराण्यात मागाहून आली. वंश जर मुळातच आईकडून मोजला जात असता तर तिची खूण सर्वांत जुन्या लेखांत सर्वांत ठळक दिसायला हवी होती.

तरीही या घराण्यातल्या स्त्रियांना केवळ नावापुरते स्थान होते असे मी म्हणणार नाही. सातवाहनांबद्दल आपल्याला जे सर्वांत मोठे दोन लेख मिळाले आहेत ते दोन राण्यांचे आहेत. जुन्नर आणि कोकण यांना जोडणाऱ्या नाणेघाटातल्या लेण्यात पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा लांबलचक लेख आहे. पतीच्या मागे व्रतस्थ राहिलेली ही राणी दोन अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादीच देते. त्यात गाई हजारांनी मोजल्या आहेत, शिवाय घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी आहेत. त्याच लेण्यात सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन यांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या आहेत, वर कोरलेली नावे उरली आहेत. या यादीत एक महारठी आहे, हे विसरू नका. महारठी हे स्थानिक बलवान सरदार. नागनिका अशाच घराण्यातली असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे राजघराण्याने घाटमाथ्यावरच्या सत्ताधाऱ्यांशी सोयरीक केली आणि राज्य उभे राहिले. मला हे यज्ञांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

दुसरा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी गौतमी बलश्रीने तो कोरवला. ती स्वतःची ओळख महाराजांची आई आणि महाराजांची आजी अशी करून देते. मुलगा गौतमीपुत्र तोवर गेला होता, नातू गादीवर होता. लेण्याचे दान भदायनीय भिक्षुसंघाला दिले आहे, पण लेखाचा मोठा भाग गेलेल्या मुलाच्या गुणवर्णनाचा आहे. शक, यवन (ग्रीक), पल्हव या परकीयांचा निःपात करणारा, क्षहरात वंश समूळ नष्ट करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे करणारा, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची आवड नसलेला. ज्या मुलखांचा तो राजा होता त्यांत असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती ही नावे येतात. हे आईने लिहवलेले आहे आणि त्यातली माया खरी आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून मात्र ते तोलूनच घ्यायला हवे.

आता याच लेण्यातले दोन आज्ञालेख पाहा, कारण राज्य म्हणजे नेमके काय होते ते इथे दिसते. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षी, विजयी सैन्याच्या छावणीतून, गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा जाते. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे तेव्हाचे मोठे ठाणे. पश्चिम काखडी गावातले शेत, जे आजवर उषवदात याच्या ताब्यात होते, त्यातली २०० निवर्तने (निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप) जमीन त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावी, अशी ती आज्ञा आहे. उषवदात हा क्षहरात वंशातला शक राजा नहपान (क्षत्रप ही त्याची पदवी) याचा जावई. म्हणजे युद्ध नुकतेच संपले आहे, शत्रूच्या जावयाची जमीन जिंकणाऱ्याच्या हाती आली आहे आणि तिचे पहिले दान डोंगरावरच्या संघाला जात आहे. डोंगरावरचे आणखी एक लेणे याच उषवदाताने खोदवले होते. भिक्षूंना राजा बदलला तरी आश्रय मिळत राहिला.

सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरी आज्ञा येते. ती गोवर्धनचा अमात्य श्यामक याला उद्देशून आहे आणि ती एकट्या राजाची नाही. गौतमीपुत्र आणि राजमाता, जिचा पुत्र जिवंत आहे अशी, या दोघांच्या नावाने ती निघाली आहे. तिच्यात कारण दिले आहे: 'तं च खेतं न कसते सो च गामो न वसति.' आपल्याला ते वाचायला भाषांतराची गरजही पडू नये. ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तने द्यावीत. आज्ञेच्या शेवटी लोटा नावाच्या प्रतिहारीचे, म्हणजे द्वारपालिकेचे, नाव येते, ही स्त्री आहे.

या पाच-पाच शब्दांच्या दोन वाक्यांवर मी खूप विचार केला आहे. विजयानंतर सहा वर्षांनीही गाव परत वसलेले नाही. कसणारे पळाले, मेले की दुसरीकडे स्थायिक झाले, हे लेख सांगत नाही. पण जमीन देऊन चालत नाही, ती कसणारा माणूस लागतो, हे राजाला आणि राजमातेला लिहून मान्य करावे लागले आहे. नव्या दानात जमीन निम्मी आहे, पण ती नगराला लागून आहे, जिथे माणसे आहेत. गौतमीपुत्राच्या दिग्विजयाची किंमत काखडीने दिली. प्रशस्तीत ती येत नाही. लेखनिकाच्या साध्या भाषेत आली म्हणून आपल्याला कळली.

त्याच आज्ञांत दान दिलेल्या जमिनीला सवलती मोजून दिल्या आहेत. राजाच्या माणसांनी तिथे प्रवेश करू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी हुकमत चालवू नये. ही यादी उलटी वाचावी. ज्या गावांना अशी सूट नव्हती, तिथे सैनिक आणि अधिकारी येऊन उतरत असत, मिठावर राजाचा हक्क होता आणि अंमलदारांचा हात रोजच्या जगण्यात होता. राज्यातली बहुतेक गावे अशीच, सूट नसलेली होती. सामान्य शेतकऱ्यावरच्या ओझ्याचा याहून थेट पुरावा आपल्याकडे फारसा नाही.

नहपानावरचा विजय खरा होता, याबद्दल शंका नको. नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. काहींवर नहपानाचा चेहरा नव्या छापाखालून अजून डोकावतो. नाणी वितळवली नाहीत, तीच चालू ठेवली. बाजाराला चांदीच्या नाण्यांची सवय झाली होती आणि ती मोडणे कुणाच्याच फायद्याचे नव्हते. सातवाहनांची स्वतःची जुनी नाणी बहुतांशी शिसे, तांबे आणि पोटिन नावाच्या मिश्रधातूची आहेत. चांदीवर राजाचा चेहरा छापण्याची रीत त्यांनी क्षत्रपांकडून उचलली. गंमत अशी की त्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्रविड वळणाची भाषा असते. एकाच राज्यात किती भाषा बोलणारे लोक होते, ते यावरून लक्षात यावे.

आता कारागीर आणि व्यापारी. इथे मजकूर भरपूर आहे. उषवदाताच्या नाशिकच्याच लेखात, बेचाळीस या वर्षात, ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे. २,००० कार्षापण गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामी राहणाऱ्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. हिशेब बरोबर जुळतो. हा करार निगमसभेत वाचून नोंदवला गेला. विणकरांच्या संघटनेवर शत्रूचा जावई, डोंगरावरचे भिक्षू आणि नगराची सभा असे तिघेही पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा टाकत होते. राजे एकमेकांची नाणी पुन्हा छापत होते तेव्हा श्रेणी मात्र ठेवी सांभाळत होत्या. सातवाहन काळाच्या समृद्धीचा खरा कणा मला इथे दिसतो.

हा पैसा येत होता रस्त्यांवरून. देशावरचा माल घाटांतून कोकणच्या बंदरांकडे जाई: सोपारा, कल्याण, चौल, आणि उत्तरेला भरुच. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे परंपरा सांगते. घाटातच पाण्याची टाकी कोरलेली आहेत. पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक लेखकाने लिहिलेल्या पेरिप्लस या बंदरांच्या माहितीग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत. भरुचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून रंगीत दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला येई. त्याच ग्रंथात असेही आहे की कल्याण बंदराची नाकेबंदी झाली असून तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जातात. क्षत्रप आणि सातवाहन नाशिकसाठी एवढे का लढले, याचे उत्तर या एका तपशिलात आहे. ज्याच्या हाती घाट आणि बंदर, त्याच्या हाती जकात.

लेण्यांच्या भिंतींवर या रस्त्यांवरची माणसे आपापल्या नावांनिशी उभी आहेत. कार्ल्याचे भव्य लेणे वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केले. तिथल्या खांबांपैकी अनेक धेनुकाकट गावच्या यवनांनी दिले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिली आणि चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. जुन्नरलाच धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. पितळखोऱ्याला पैठणच्या गंधी मितदेवाचे दान आहे आणि तिथल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. नाशिकला मुगुदास नावाचा कोळी सहपरिवार लेणे देतो. नाशिकच्याच चैत्याच्या दर्शनी भागाचा खर्च धंभिक गावाने केला. भिक्षुणी, गृहिणी, मुली, सुना यांची दाने जागोजागी आहेत, पुष्कळदा स्वतःच्या नावाने. तेव्हा स्त्रीच्या हाती खर्च करण्यासारखे काही धन असे, हे मानावेच लागते. ते किती घरांत होते, हा प्रश्न वेगळा. दान देणाऱ्या बाया प्रामुख्याने व्यापारी, अधिकारी आणि सरदार कुटुंबांतल्या आहेत.

जातिव्यवस्थेचे काय, असेही प्रश्नामागे दडलेले दिसते. बलश्री मुलाची तारीफ करताना त्याने क्षत्रियांचा गर्व मोडला आणि चातुर्वर्ण्यातला संकर थांबवला असे म्हणते. हे वाक्य उचलून सातवाहनांना कडव्या वर्णव्यवस्थेचे रक्षक ठरवले जाते. पण कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी आहे. म्हणजे ज्या शकांच्या निःपाताचा गौरव केला, त्यांच्याच घरातली सून पुढच्या पिढीत आली. शक राजा रुद्रदामन जुनागढच्या इ.स. १५० च्या लेखात दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवूनही नात्याच्या जवळिकीमुळे नष्ट केले नाही, असे सांगतो. वर्णसंकराची भाषा राज्याच्या प्रतिष्ठेसाठी होती आणि लग्ने राज्याच्या गरजेप्रमाणे होत होती. धर्माचेही तसेच. अश्वमेध करणारे हे घराणे बौद्ध संघांना शेते, गावे आणि लेणी देत राहिले, कारण संघ व्यापाऱ्यांच्या रस्त्यावर बसले होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. श्रद्धेचाही भाग त्यात असणार, तो मी नाकारत नाही.

या सगळ्यात एक मोठा वर्ग आपल्याला दिसत नाही, तो म्हणजे दान देण्याइतके काही हाती नसलेले लोक. शेतमजूर, दास, आणि प्रत्यक्ष लेणी खोदणाऱ्यांतले बहुतेक जण. गावाकडची झलक हवी असेल तर हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा महाराष्ट्री प्राकृतातला सुमारे सातशे गाथांचा संग्रह, गाथासप्तशती, वाचावा. त्यात नांगरधारी हालिक आहे, गावप्रमुखाची मुलगी आहे, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई आहे, गोदावरीचा काठ आहे. पण तो नागर रसिकांसाठी निवडलेला आणि पुढे भर पडत गेलेला संग्रह आहे. त्यातला शेतकरी कवीच्या नजरेतून येतो, त्याच्या स्वतःच्या तोंडून नाही. सामाजिक इतिहासासाठी तो वापरावा, पण आज्ञालेखाच्या जोडीने.

शालिवाहन शकाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगतो, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. सातवाहनांनी शक संवत् कधी वापरला नाही. त्यांचे लेख राज्यवर्षांत आहेत: अमक्या राजाचे अठरावे वर्ष, एकोणिसावे वर्ष. इ.स. ७८ पासून मोजला जाणारा काळ पश्चिम क्षत्रपांनी, म्हणजे शकांनी चालवला. त्याला शालिवाहनाचे नाव कित्येक शतकांनंतर चिकटले. त्यामुळे गुढीपाडवा हा गौतमीपुत्राच्या विजयाचा दिवस असे सांगणाऱ्यांकडे लेखांचा आधार नाही.

राज्य संपले ते यज्ञश्री सातकर्णीनंतर हळूहळू तुकडे होत. आंध्रात इक्ष्वाकू आले, नाशिककडे आभीर. त्या आभीर ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख पांडवलेण्यांतच आहे. विष्णुदत्ता नावाची शक उपासिका, अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. तिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली: कुंभारांच्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, पाणी उपसण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २,००० आणि तेल्यांच्या श्रेणीकडेही काही रक्कम.